गोंडी माध्यमाची शाळा ‘बेकायदेशीर’ कशी ठरते? प्रश्न मोहगावचा, धडा आयर्लंडचा

२०२५ च्या एप्रिल ते जून या काळात महाराष्ट्रात एकच वाद गाजत होता: पहिलीपासून हिंदी शिकवायची की नाही. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात सुधारणा झाली, आंदोलनांची हाक दिली गेली आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. या सगळ्या गदारोळात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती. ती म्हणजे, महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत बसलेल्या मुलाची पहिली भाषा मराठीच असते.

गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतल्या अनेक गावांत आणि चंद्रपूरच्या जिवती-राजुरा भागातल्या अनेक गुड्यांवर हे खरं नाही. तिथे घरात गोंडी, माडिया किंवा कोलामी बोलली जाते. घरी पाण्याला ‘येर’ म्हणणाऱ्या मुलाची मराठीशी खरी गाठ पडते ती शाळेच्या पहिल्या दिवशी. शिक्षक मराठीत बोलतात, पुस्तक मराठीत असतं आणि मुलाने गप्प बसून समजून घ्यावं अशी अपेक्षा असते. म्हणजे पुण्या-मुंबईत तिसऱ्या भाषेवरून भांडण सुरू होतं, तेव्हा या मुलांना पहिली भाषाच शाळेत मिळालेली नव्हती.

ती मिळावी म्हणून धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच शाळा काढली. त्या शाळेचं पुढे काय झालं, यावरून गोंडीचं कायद्यातलं नेमकं स्थान कळतं.

मोहगावात काय घडलं?

२०१९ मध्ये मोहगाव ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. नाव ठेवलं ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’. गोटुल ही गोंड समाजाची जुनी संस्था. गावातली तरुण मुलं-मुली तिथे जमतात आणि गाणी, नाच, रीतीरिवाज, जंगलाचं ज्ञान एकमेकांकडून शिकतात. ‘कोया’ किंवा ‘कोयतोर’ हे गोंडी बोलणारे लोक स्वतःसाठी वापरतात ते नाव. थोडक्यात, गावाने आपल्या जुन्या संस्थेच्या नावाने आपल्या भाषेतली नवी शाळा काढली.

असं पाऊल याच तालुक्यात का पडलं, यालाही कारण आहे. सामूहिक वनहक्क मिळवण्यात देशात आघाडीवर राहिलेलं मेंढा (लेखा) हे गाव धानोरा तालुक्यातलंच. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा महाराष्ट्रभर गेली. २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाले. त्यानंतर या पट्ट्यातल्या ग्रामसभांना जंगलाचा आणि बांबू-तेंदूच्या व्यवहाराचा निर्णय स्वतः घेण्याची सवय झाली. जंगलाचा कारभार सांभाळणारी ग्रामसभा मुलांच्या शिक्षणाकडे वळली, यात नवल नव्हतं.

पण २०२२ मध्ये शिक्षण विभागाची नोटीस आली. शाळेला मान्यता नाही, त्यामुळे ती अनधिकृत आहे, असं त्यात म्हटलं होतं. दंडाचीही टांगती तलवार होती. त्यानंतर ग्रामसभेने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली.

दंडाची तरतूद कुठून आली?

ती शिक्षण हक्क कायद्यातून, म्हणजे आरटीई २००९ मधून आली. या कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यता प्रमाणपत्राशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्यानंतरही ती सुरू ठेवली तर दररोज दहा हजार रुपयांपर्यंत. भाड्याच्या दोन खोल्यांत दुकान मांडून पालकांना फसवणाऱ्या शाळांना चाप बसावा, हा या कलमामागचा हेतू. तो चुकीचा नाही. पण कलमाला फसवी शाळा आणि गावाने मिळून काढलेली शाळा यांत फरक करता येत नाही.

गंमत अशी की, मुलाला मातृभाषेत शिकण्याचा आधारही हाच कायदा देतो. कलम २९ मध्ये म्हटलं आहे की शिकवण्याचं माध्यम ‘शक्य असेल तिथवर’ मुलाची मातृभाषा असावं. म्हणजे एका कलमाप्रमाणे मोहगावची शाळा कायद्याला अपेक्षित असलेलंच काम करते आणि दुसऱ्या कलमाप्रमाणे ती गुन्हेगार ठरते.

मग राज्यघटना काय म्हणते?

राज्यघटनेत या विषयावर एक नाही, अनेक तरतुदी आहेत.

अनुच्छेद २९ नुसार, वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या कोणत्याही नागरिक-समूहाला ती जपण्याचा हक्क आहे. अनुच्छेद ३० भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. हे दोन्ही मूलभूत हक्क आहेत.

अनुच्छेद ३५०-क १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी, यासाठी प्रत्येक राज्याने ‘प्रयत्न करावा’, असं तो सांगतो. सगळी अडचण या ‘प्रयत्न करावा’मध्ये आहे. प्रयत्न किती, कधीपर्यंत, झाला नाही तर जबाबदार कोण, यातलं काहीच त्यात नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं आहे, पण तिथेही ‘शक्य असेल तिथे’ हे शब्द आहेतच.

२०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही इथे महत्त्वाचा आहे. कर्नाटक सरकारने प्राथमिक शाळांत मातृभाषेचं माध्यम सक्तीचं केलं होतं. घटनापीठाने ती सक्ती रद्द केली. प्राथमिक टप्प्यावर माध्यम निवडण्याचं स्वातंत्र्य मुलाचं, म्हणजे त्याच्या वतीने पालकांचं आहे आणि ३५०-क च्या आधारे सरकार माध्यम लादू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या वेळी या निकालाचा फायदा इंग्रजी माध्यमाच्या शाळांना झाला. पण तेच तत्त्व उलट बाजूनेही लावता येतं. एखाद्या पालकाला इंग्रजी निवडण्याचं स्वातंत्र्य असेल, तर मोहगावच्या पालकाला गोंडी निवडण्याचं स्वातंत्र्य का नसावं? फरक इतकाच की इंग्रजी निवडणाऱ्यासाठी मान्यता मिळालेली शाळा जवळपास असते. गोंडी निवडणाऱ्याला ती आधी स्वतः उभी करावी लागते.

खरा पेच: ग्रामसभा म्हणजे कोण?

आरटीईच्या कलम १८ मध्ये एक अपवाद आहे. सरकारने किंवा ‘स्थानिक प्राधिकरणाने’ काढलेल्या शाळेला मान्यता प्रमाणपत्राची गरज नाही. स्थानिक प्राधिकरण म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यातच दिली आहे: महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद, नगर पंचायत, पंचायत आणि कायद्याने तसे अधिकार दिलेली इतर संस्था. या यादीत ग्रामसभेचं नाव नाही.

पण गडचिरोली हा पाचव्या अनुसूचीतलं मोठं क्षेत्र असलेला जिल्हा आहे. तिथल्या अनुसूचित भागाला १९९६ चा पेसा कायदा लागू होतो. पेसा सांगतो की परंपरा, रीतीरिवाज आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. इतकंच नाही, तर सामाजिक क्षेत्रांतल्या संस्था आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचे अधिकार योग्य पातळीवरच्या पंचायतीला आणि ग्रामसभेला मिळावेत, असंही त्यात आहे. महाराष्ट्राने पेसाचे नियम २०१४ मध्ये केले.

आता प्रश्न असा पडतो: शाळा ही सामाजिक क्षेत्रातली संस्था आहे, भाषा ही सांस्कृतिक ओळख आहे आणि दोन्हींबाबत ग्रामसभेला अधिकार आहेत. मग ग्रामसभेने काढलेली शाळा खासगी संस्थाचालकाच्या शाळेच्या रांगेत का उभी केली जाते? आरटीई लिहिताना शहर-जिल्ह्यांची चौकट डोळ्यांसमोर होती, पेसाची ग्रामसभा नव्हती. दोन कायद्यांमधल्या या फटीत मोहगावची शाळा अडकलेली आहे.

गोंडीला ‘दर्जा’ नाही म्हणून हे होतं का?

काही अंशी. गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. बोलणाऱ्यांची संख्या हे त्याचं कारण असू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत २९ लाख ८४ हजार ४५३ लोकांची भाषा गोंडी म्हणून नोंदली गेली. अनुसूचीत असलेल्या नेपाळी (२९.२६ लाख), सिंधी (२७.७२ लाख), डोगरी (२५.९७ लाख), कोकणी (२२.५७ लाख), मणिपुरी (१७.६१ लाख) आणि बोडो (१४.८३ लाख) या भाषांपेक्षा हा आकडा मोठा आहे. २४ हजार ८२१ जणांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेल्या संस्कृतशी तर तुलनाच नको.

मागणीही नवी नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत भाषांच्या यादीवर चर्चा सुरू असताना जयपालसिंह मुंडा यांनी मुंडारी आणि उरांवसोबत गोंडीचाही समावेश करण्याची दुरुस्ती मांडली होती. ती स्वीकारली गेली नाही. २००३ मध्ये ९२ व्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली या चार भाषा आल्या आणि अनुसूचीतल्या भाषांची संख्या २२ झाली. केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आणखी ३८ भाषांच्या मागण्या आहेत. त्यात गोंडी आहे. पण समावेशाचे पक्के निकष ठरलेले नाहीत. त्यासाठी १९९६ मध्ये पाहवा समिती आणि २००३ मध्ये सीताकांत महापात्र समिती नेमली गेली, तरी निकष निश्चित झाले नाहीत.

एक अडचण भूगोलाची आहे. गोंडी मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशात विखुरलेली आहे. राज्यांची रचना भाषेवर झाली, पण गोंडीच्या वाट्याला राज्य आलं नाही. प्रत्येक राज्यात ती अल्पसंख्याकांची भाषा झाली.

त्याचा परिणामही दिसतो. देशात गोंड जमातीची लोकसंख्या एक कोटीहून जास्त आहे, गोंडी बोलणारे मात्र तीस लाखांच्या आत. म्हणजे ढोबळमानाने चारपैकी तीन गोंडांच्या घरातून ही भाषा गेलेली आहे. एकेकाळी गोंड राजांची राजधानी असलेल्या चंद्रपूर शहरात आज कानावर पडते ती मराठी आणि हिंदी. गोंडी टिकून आहे ती मुख्यतः जंगलाच्या आतल्या गावांत.

दर्जा मिळाला की भाषा वाचते का? आयर्लंडचं उत्तर

हा प्रश्न तपासायला आयर्लंडसारखं दुसरं उदाहरण नाही. कारण तिथे भाषेला जे जे देता येईल ते सगळं दिलेलं आहे.

१९३७ च्या आयरिश राज्यघटनेनुसार आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा आहे. शाळांमध्ये ती पिढ्यान् पिढ्या शिकवली जाते. २००३ मध्ये राजभाषा कायदा झाला. २००७ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे आणि २०२२ पासून तिथे तिला पूर्ण दर्जा मिळाला. तरीही २०२२ च्या जनगणनेचा निकाल असा आहे: आयरिश येतं असं सांगणारे सुमारे १८ लाख ७४ हजार, पण शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज ती बोलणारे फक्त ७१ हजार ९६८.

म्हणजे आयरिशकडे कायदा आहे, पण ती रोज बोलणारी घरं कमी आहेत. गोंडीची स्थिती बरोबर उलटी आहे. घराघरांत बोलणारे लाखो लोक आहेत, पण कायद्यात जागा नाही. यातून एक गोष्ट कळते. घरातून निघून गेलेली भाषा परत आणायला शंभर वर्षं आणि देशाची तिजोरीही पुरत नाही. जी अजून घरात आहे तिला शाळेत जागा देणं त्या मानाने खूप सोपं असतं.

दुसरा धडा उत्तर आयर्लंडमधला, आणि तो मोहगावशी थेट जुळणारा आहे. हा भाग ब्रिटनच्या अखत्यारीत. तिथे आयरिशला असा कोणताही दर्जा नव्हता. बेलफास्टमधल्या काही कुटुंबांनी ठरवून शॉज रोडवर एकत्र घरं बांधली, मुलांशी आयरिशमध्येच बोलायला सुरुवात केली आणि १९७१ मध्ये नऊ मुलांची प्राथमिक शाळा काढली. मान्यता नसलेली शाळा चालवली तर कारवाई होईल, असा इशारा त्यांनाही मिळाला होता. त्यांनी स्वतः पैसे उभे करत शाळा चालवली. सरकारी अनुदान मिळायला १९८४ साल उजाडलं. १९९८ च्या शांतता करारानंतर आयरिश माध्यमाच्या शिक्षणाला प्रोत्साहन देणं आणि ते सुकर करणं हे तिथल्या शिक्षण विभागाचं कायदेशीर कर्तव्य ठरलं. आयरिशला तिथे अधिकृत मान्यता देणारा कायदा झाला तो थेट २०२२ मध्ये.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी पालकांची शाळा, तेरा वर्षांनी अनुदान, मग विभागावर कर्तव्य आणि सर्वांत शेवटी भाषेचा दर्जा. भारतातही बोडोच्या बाबतीत असंच झालं. आसाममध्ये बोडो माध्यमाच्या प्राथमिक शाळा १९६३ पासून सुरू झाल्या आणि आठव्या अनुसूचीत नाव आलं त्यानंतर चाळीस वर्षांनी. शाळा दर्जाची वाट पाहत थांबल्या नाहीत. त्यामुळे ‘आधी अनुसूची, मग शाळा’ हे उत्तर इतिहासाला धरून नाही.

विरोधातले मुद्दे किती खरे?

गोंडी माध्यमाबद्दल घेतल्या जाणाऱ्या शंका उडवून लावण्यासारख्या नाहीत.

पहिली शंका, कोणती गोंडी? भामरागडची माडिया आणि जिवतीची गोंडी सारखी नाही. लिपीचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात गोंडी बहुधा देवनागरीत लिहिली जाते. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी आहे आणि तेलंगणातल्या गुंजाळा गावात सापडलेल्या हस्तलिखितांची वेगळी लिपी आहे. या दोन्ही लिपी २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आल्या, म्हणजे आता संगणकावर वापरता येतात. पण पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सहा राज्यांची एक प्रमाण गोंडी ठरेपर्यंत थांबायची गरज नाही. त्या तालुक्यात बोलली जाते ती भाषा आणि मुलांना पुढे लागणारी देवनागरी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

दुसरी शंका, मुलं मराठीत मागे पडतील. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे आणि नोकरीपासून तहसील कार्यालयापर्यंत मराठी लागतेच. पण गोंडी माध्यम म्हणजे मराठीला रजा नव्हे. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. त्यात गोंडीची जवळची नातलग असलेली कोया भाषाही होती. पुढे ही संख्या २१ भाषांवर गेली. पद्धत साधी आहे: सुरुवात मुलाच्या भाषेत, उडिया हळूहळू वाढवत न्यायची. वाचता येणं म्हणजे काय हे एकदा स्वतःच्या भाषेत कळलं की ते दुसऱ्या भाषेत नेता येतं.

तिसरी शंका सगळ्यांत खरी आहे: शिक्षक आणि पुस्तकं. आरटीई प्रशिक्षित शिक्षक मागतो आणि ते योग्यच आहे. पण गोंडी माध्यमाचा प्रशिक्षित शिक्षक हवा असेल, तर त्याला घडवणारी व्यवस्था आधी सरकारने उभी करायला हवी. ती नसताना ग्रामसभेकडे प्रशिक्षित शिक्षक मागणं म्हणजे विहीर न खोदता पाणीपट्टी मागण्यासारखं आहे.

आणि चौथी गोष्ट, काही गोंड पालकांनाच इंग्रजी शाळा हवी असते. त्यांचा तो अधिकार आहे. मुद्दा सक्तीचा नाहीच. ज्या गावाला गोंडी हवी आहे, त्याला ती दंड न भरता निवडता यावी, इतकीच अपेक्षा आहे.

आता काय करता येईल?

आठव्या अनुसूचीचा निर्णय दिल्लीत होईल तेव्हा होईल. पण बरंच काही मुंबईत आणि गडचिरोलीतच ठरू शकतं. पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभेच्या शाळेसाठी मान्यतेची वेगळी प्रक्रिया राज्य सरकारला आखता येईल. ग्रामसभेला स्थानिक प्राधिकरण मानता येईल का, यावर स्पष्ट भूमिका घेता येईल. तेही नको असेल, तर जिल्हा परिषदेची शाळा म्हणून ती सामावून घेऊन माध्यम गोंडी ठेवता येईल. शिक्षक घडवायला चंद्रपूर आणि गडचिरोली हेच कार्यक्षेत्र असलेलं गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून इथे आहे.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मातृभाषेच्या अभिमानाची भाषणं राज्यभर झाली. तोच न्याय गोंडीला लावायला मराठी समाज तयार आहे का, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. गोंडीसमोर इथे सत्तेची भाषा मराठी आहे.

पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. मातृभाषेच्या रकान्यात किती लोक गोंडी लिहितात, हे सोळा वर्षांनी पहिल्यांदा कळेल. २०१९ मध्ये मोहगावच्या शाळेत पहिलीला बसलेलं मूल तोवर आठवीच्या वयाचं झालेलं असेल. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी म्हणून राज्याने ज्यांच्यासाठी ‘प्रयत्न’ करायचा होता, त्या मुलांचा प्राथमिक टप्पा तेव्हा संपलेला असेल.